बँक खाते अचानक बंद आणि शेतमालाचे पैसे अडकलेले: काय करावे?

कापूस केंद्रावर मोजून दिला, पावती हातात आहे, शेजाऱ्याचे पैसे जमा झाले आणि आपले मात्र नाहीत. बँकेत चौकशी केली तर उत्तर मिळते, "तुमचं खातं बंद आहे." यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात हा अनुभव नवा नाही. त्याच पैशातून मजुरी, उधारी आणि पीक कर्ज फेडायचे असते. कर्जाची मुदत हुकली की व्याज सवलतही हातची जाते. म्हणून अशा वेळी कोणत्या क्रमाने काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे. कृषी सहायक, कृषिमित्र आणि गटशेतीचे प्रतिनिधी यांनाही गावात मार्गदर्शन करताना ती उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या: पैसे बुडालेले नसतात

बंद खात्यावर पाठवलेली रक्कम बँकेला स्वतःकडे ठेवता येत नाही. एनईएफटीने आलेली रक्कम खात्यात जमा करता आली नाही, तर ती संबंधित बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत पाठवणाऱ्या बँकेकडे परत करावी लागते. आधारवर आधारित किंवा एनएसीएच पद्धतीने आलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत जायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबाला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे.

म्हणजे तुमचे पैसे तीनपैकी एका ठिकाणी असतात:

- पाठवणाऱ्या संस्थेकडे परत गेलेले,
- तुमच्याच खात्यात जमा, पण खाते थांबवलेले असल्यामुळे काढता न येणारे,
- आधारला जोडलेल्या तुमच्याच दुसऱ्या एखाद्या खात्यात जमा झालेले.

यांपैकी नेमके काय झाले आहे, हे शोधणे हे पहिले काम. ते कळल्याशिवाय नवीन खाते उघडण्याची घाई करू नका.

"खाते बंद" म्हणजे नेमके काय?

काउंटरवर "बंद आहे" एवढेच सांगितले जाते, पण त्याचे अर्थ वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा असतो.

१) निष्क्रिय खाते. खातेदाराने दोन वर्षांपेक्षा जास्त काळ एकही व्यवहार केला नाही, तर बचत खाते निष्क्रिय ठरते. बँकेने जमा केलेले व्याज किंवा कापलेले शुल्क हा खातेदाराचा व्यवहार धरला जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करण्यासाठी शुल्क घेता येत नाही आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. बचत खात्यावरचे व्याज चालूच राहते. पूर्ण कागदपत्रांसह अर्ज दिल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत त्यावर कार्यवाही व्हायला हवी.

२) केवायसी थकल्यामुळे थांबवलेले खाते. कमी जोखमीच्या खातेदारांची केवायसी दर दहा वर्षांनी नव्याने करावी लागते. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. त्या सुमारास गावोगावी उघडलेल्या खात्यांची दहा वर्षे २०२४ पासून भरू लागली आणि म्हणूनच अलीकडे ही अडचण एकदम वाढलेली दिसते. अशा खात्यात बहुधा पैसे येतात, पण निघत नाहीत.

३) छोटे खाते. पुरेशी ओळख कागदपत्रे न देता उघडलेल्या खात्याला मर्यादा असतात: एका आर्थिक वर्षात एकूण जमा १ लाख रुपये, एका महिन्यात काढणे व पाठवणे मिळून १० हजार रुपये आणि शिल्लक ५० हजार रुपये. आता हिशेब करा. २०२५-२६ हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. या दराने २० क्विंटलचे १,६२,२०० रुपये होतात. छोट्या खात्यात ही रक्कम मावतच नाही आणि परत जाते. पूर्ण केवायसी केल्यावर या मर्यादा निघतात.

४) रोखलेली रक्कम किंवा गोठवलेले खाते. सायबर तक्रार, न्यायालयाचा किंवा वसुलीचा आदेश यांमुळे खाते किंवा त्यातील ठरावीक रक्कम रोखली जाते. तुम्ही काहीही केलेले नसताना, ज्याने तुम्हाला पैसे पाठवले त्याच्या खात्यावर तक्रार असल्यामुळेही असे होऊ शकते.

५) बँकेचे विलीनीकरण. यात खाते बंद झालेले नसते, पण आयएफएससी कोड, काही वेळा खाते क्रमांकही बदललेला असतो. आपल्याकडील विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे. त्याआधी १ एप्रिल २०२० रोजी अलाहाबाद बँक इंडियन बँकेत आणि १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. जुन्या पासबुकची झेरॉक्स कुठे नोंदणीला दिली असेल, तर ती बदलून घ्या.

६) खरोखरच बंद केलेले खाते. हे परत सुरू होत नाही. शिल्लक असल्यास ती मागून घ्यावी लागते आणि पुढील पैशांसाठी दुसरे खाते द्यावे लागते.

पैसे कोणत्या वाटेने येतात?

पैसे येण्याच्या दोन वाटा आहेत. त्यांत गल्लत झाली की फेऱ्या वाढतात.

पहिली वाट खाते क्रमांक आणि आयएफएससीची. व्यापारी, जिनिंग किंवा शेतकरी उत्पादक कंपनी बहुधा याच पद्धतीने पैसे पाठवते. तुम्ही दिलेला क्रमांक चुकला किंवा ते खाते बंद असले, तर रक्कम परत जाते.

दुसरी वाट आधारची. भारतीय कपास निगम म्हणजे सीसीआय, पीएम किसान आणि शासनाच्या बहुतेक योजनांचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. आधार आणि बँक यांची ही नोंद भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम म्हणजे एनपीसीआयकडे असते. एका आधार क्रमांकाला या कामासाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते आणि जी बँक सर्वांत शेवटी जोडली, तीच धरली जाते.

"माझं आधार तर बँकेत दिलेलं आहे," असे अनेक जण सांगतात. आधारची झेरॉक्स बँकेत देणे वेगळे आणि अनुदान जमा होण्यासाठी आधार जोडणे, ज्याला सीडिंग म्हणतात, ते वेगळे. सीडिंगसाठी स्वतंत्र संमती फॉर्म भरून द्यावा लागतो. सिमकार्ड घेताना किंवा एखाद्या शिबिरात अंगठा देऊन दुसरे खाते उघडले गेले आणि त्याला आधार जोडले गेले, तर पैसे तिकडे जमा होतात. आपण मात्र जुन्या पासबुकात नोंद शोधत राहतो.

बँकेत जाण्यापूर्वी घरून करायची कामे

- आधारला सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते पाहा. माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' येथे ते दिसते. साध्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल करून आधार क्रमांक टाकला तरी माहिती मिळते.
- तिथे दुसऱ्या बँकेचे नाव दिसले, तर आधी त्या बँकेतील शिल्लक तपासा. बऱ्याच वेळा शोध इथेच संपतो.
- शासकीय योजनेचे पैसे असतील, तर पीएफएमएस संकेतस्थळावर 'नो युवर पेमेंट' येथे खाते क्रमांक टाकून रक्कम कुठे अडली आहे ते पाहा. स्वतःला जमत नसेल, तर आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा कृषी सहायकांच्या मदतीने पाहा.
- मोबाइलवर आलेले सर्व संदेश जपून ठेवा. नाकारलेल्या व्यवहाराचा क्रमांक त्यातच असतो.

बँकेत गेल्यावर

सोबत पासबुक, आधार, पॅन (असल्यास), दोन फोटो, आधारला जोडलेला मोबाइल आणि विक्रीची पावती न्या. पॅन नसल्यास फॉर्म ६० भरता येतो. शाखा दूर असेल तर त्याच बँकेच्या जवळच्या कोणत्याही शाखेत केवायसी अद्ययावत करता येते. तशी सोय करण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने दिलेल्या आहेत. पत्ता वगैरे काहीच बदललेले नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल, तर जून २०२५ च्या सुधारणेनुसार बँक मित्राकडेही स्वयंघोषणा देता येते.

काउंटरवर हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या:

१) खाते निष्क्रिय आहे, गोठवलेले आहे की कायमचे बंद केले आहे? कोणत्या तारखेपासून?
२) कारण काय? आदेश असल्यास कोणाचा आणि त्याचा क्रमांक काय?
३) माझ्या नावे आलेली रक्कम परत गेली आहे का? कोणत्या तारखेला आणि कोणते कारण दाखवून?
४) खाते सुरू करण्यासाठी नेमके कोणते कागद हवेत?

तोंडी बोलण्यावर थांबू नका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर हाच कागद कामी येतो.

अर्जाचा नमुना:

"प्रति, शाखा व्यवस्थापक, ______ बँक, शाखा ______.
विषय: बचत खाते क्र. ______ पुन्हा सुरू करणे व अडकलेल्या रकमेची माहिती मिळणे.
महोदय, माझे वरील खाते आपल्या शाखेत आहे. दि. ______ रोजी ______ यांच्याकडून येणारी रुपये ______ ची रक्कम मला मिळालेली नाही. चौकशी केली असता खाते बंद असल्याचे सांगण्यात आले. कृपया खाते बंद होण्याचे कारण व तारीख लेखी कळवावी. केवायसीची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. खाते पुन्हा सुरू करावे आणि शासकीय लाभासाठी आधार जोडणीची नोंद करावी. रक्कम परत पाठवली असल्यास त्याचा तपशील द्यावा.
आपला/आपली, नाव, गाव, मोबाइल, सही."

खाते सायबर तक्रारीमुळे गोठवले असेल, तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि संबंधित पोलीस ठाण्याचे नाव घ्या. काटापट्टी, सौदापट्टी आणि सातबारा जोडून ही रक्कम शेतमालाच्या विक्रीची आहे, असे लेखी कळवा. संपूर्ण खात्याऐवजी फक्त वादातील रकमेपुरती रोख ठेवावी, अशी विनंतीही त्यात करा.

खाते सुरू झाले, आता पैसे परत कसे मागवायचे?

इथेच अनेक जण थांबतात. खाते सुरू झाले म्हणजे परत गेलेली रक्कम आपोआप येईल, असे धरून चालू नका. पाठवणाऱ्याला कळवावेच लागते.

सीसीआयला विकलेला कापूस: ज्या केंद्रावर कापूस दिला, त्या केंद्रप्रमुखांना पावती, आधार, चालू पासबुकची प्रत आणि आधार जोडणी झाल्याचा पुरावा द्या. २०२५-२६ पासून 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी असते. तेथील नाव, आधार आणि मोबाइल यांत फरक असल्यास तो आधी दुरुस्त करून घ्या.

पीएम किसान आणि नमो शेतकरी महासन्मान निधी: पीएम किसानचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथील कार्यक्रमातूनच वितरित झाला होता. त्याच कार्यक्रमात नमो शेतकरी योजनेचेही हप्ते देण्यात आले. हप्ता अडला असल्यास पीएम किसान संकेतस्थळावर लाभार्थी स्थिती पाहा. ई-केवायसी, भूमी अभिलेख नोंद आणि आधार-बँक जोडणी या तिन्ही ठिकाणी 'होय' दिसायला हवे. नमो शेतकरी योजना पीएम किसानच्याच लाभार्थी माहितीवर चालते, त्यामुळे एकीकडची त्रुटी दुसरीकडेही हप्ता अडवते. मदत क्रमांक १५५२६१.

अतिवृष्टी किंवा नुकसानीची मदत: तहसील कार्यालयाच्या यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक म्हणजे व्हीके नंबर असतो. तलाठ्याकडून तो घ्या आणि सेवा केंद्रात त्या क्रमांकावरून स्थिती तपासा. खाते क्रमांक चुकलेला किंवा बंद दिसत असल्यास तिथेच आक्षेप नोंदवा.

पीक विमा: अर्जाची पावती घेऊन तालुका कृषी कार्यालयात किंवा विमा कंपनीच्या तालुका प्रतिनिधीकडे खात्याची दुरुस्ती द्या. मदत क्रमांक १४४४७.

व्यापारी किंवा बाजार समिती: सौदापट्टी आणि हिशेबपट्टी जपून ठेवा. व्यापारी "मी तर पाठवले" म्हणत असेल, तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मागा. त्या क्रमांकावरून रक्कम जमा झाली की परतली, हे बँक सांगू शकते. परत येऊनही व्यापारी देत नसेल, तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

पीक कर्जाची मुदत जवळ आली असेल, तर पैसे अडकल्याचा पुरावा घेऊन कर्ज देणाऱ्या शाखेला किंवा विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवांना आधीच भेटा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मुदतीत परतफेड करणाऱ्यालाच मिळतो. मुदत टळल्यावर सांगितलेल्या कारणाचा फारसा उपयोग होत नाही. शक्य असेल तर तात्पुरती दुसरीकडून सोय करून कर्ज भरणे आणि अडकलेले पैसे आल्यावर ती सोय फेडणे हिशेबात परवडते. मात्र त्यासाठी सावकाराचे चढे व्याज पत्करू नका.

बँकच बंद झाली तर?

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध आणले. त्या वेळी खात्यातून फक्त ५ हजार रुपयांपर्यंत रक्कम काढण्याची मुभा होती. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बँकेचा परवाना रद्द झाला.

अशा वेळी ठेव विमा आणि पत हमी महामंडळाचे संरक्षण मिळते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या अनेक शाखांत स्वतःच्या नावे खाती असली, तरी ती एकत्र मोजली जातात. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, बँकेवर निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची व्यवस्था आहे. मात्र त्यासाठी बँकेने जाहीर केलेल्या मुदतीत दावा फॉर्म, ओळखपत्र आणि दुसऱ्या बँकेतील चालू खात्याचा तपशील द्यावा लागतो. केवायसी अपुरी असलेल्यांचे दावे मागे राहतात.

हे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीतील ठेवींना ते लागू नाही. जास्त व्याजाच्या आशेने हंगामाचा सगळा पैसा तिथे ठेवण्यापूर्वी हा फरक ध्यानात ठेवा.

दाद कुठे मागावी?

१) प्रथम शाखा व्यवस्थापक, नंतर बँकेचा तक्रार निवारण अधिकारी. तक्रार क्रमांक घ्या.
२) ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस संकेतस्थळावर किंवा टपालाने करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेत आल्या आहेत.
३) गावातील अनेकांची सारखीच अडचण असेल, तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे एकत्रित यादी द्या. एकेकट्याने फेऱ्या मारण्यापेक्षा शिबिर लावून घेणे सोपे जाते.

दहा वर्षे हात न लावलेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तरीही खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. अशी जुनी खाती उद्गम संकेतस्थळावर शोधता येतात आणि रक्कम आपल्या बँकेकडेच मागायची असते.

फसवणुकीपासून सावध

खाते बंद असल्याची काळजी लागलेली असतानाच "केवायसी करून देतो" असे फोन येतात. ओटीपी, पिन कोणालाही सांगू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसान किंवा बँकेच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

हंगामापूर्वीची तयारी

- वेचणी सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, खात्यातून थोडी रक्कम काढून किंवा भरून पाहा. खाते चालू असल्याची खात्री पटते आणि ते निष्क्रियही होत नाही.
- पासबुक भरून घ्या. नवीन आयएफएससी छापलेला आहे का ते पाहा.
- आधार, सातबारा आणि पासबुक यांवरील नाव जुळते का ते तपासा.
- मोबाइल क्रमांक बदलला असेल तर बँक आणि आधार, दोन्हीकडे कळवा.
- मोठी रक्कम येणार असेल तर छोट्या खात्याची पूर्ण केवायसी आधीच करून घ्या.
- खात्याला वारस नोंद लावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना: शेतीशाळा किंवा कापूस नोंदणीच्या दिवशीच प्रत्येकाची आधार-बँक जोडणी तपासावी. एका शेतकऱ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्यांचे खाते निष्क्रिय किंवा केवायसी थकलेली आढळेल, त्यांची यादी शाखेला आधीच द्यावी. गाडी केंद्रावर लागण्यापूर्वी ही दुरुस्ती झाली, तर पुढचे महिनाभराचे हेलपाटे वाचतात.